दोन डावे बूट

४ नोव्हेंबर

श्रीमत्-अखंड-शय्या-साम्राज्य-अधीश्वरी, उशी-चतुष्टय-विभूषिता, वैद्य-आज्ञा-पालन-व्रतस्था, मालधक्का-भूषण, सकल-क्रेन-कुल-नियंत्रिणी, अस्मत्-कनिष्ठ-भगिनी धाकटी, हिच्या उशाशी (पायथ्याशी नव्हे, पाय सुजले असल्याचे समजते) ज्येष्ठ बंधू, चष्मेकार, दृष्टिदाता, नासिका-मापन-शास्त्री याचे अ. उ. आ. विशेष.

तुझे पत्र पोचले. बाळ सुखरूप जगात यावे म्हणून डॉक्टरीणबाईंनी तुला आणखी दोन महिने रुग्णालयात पडून राहण्याची आज्ञा केली, हे वाचून प्रथम खेद झाला आणि मागोमाग मत्सर. नुसते आडवे राहण्याबद्दल सर्वांकडून शाबासकी मिळावी, असा योग आमच्या नशिबी नाही. आम्ही आडवे झालो की लोक विचारतात, दुकान आज बंद का?

खारूला घेऊन बाजारात जाता तेव्हा खबरदारी काय घेता, असे तू विचारले आहेस. या प्रश्नामागचा अविश्वास मी थोर मनाने पोटात घालतो. तुझी कन्या आमच्याकडे आल्यापासून तिला साध्या नावाने हाक मारण्याचा अडाणीपणा मी एकदाही केलेला नाही. तिची बिरुदावली अशी: श्रीमती सकल-जिना-आरोहिणी, दुग्ध-द्वेषिणी, मातुल-स्कंध-निवासिनी, अर्ध-दंत-विराजमाना, राजराजेश्वरी खारूदेवी. पाच वर्षांच्या त्या देवीला ही मुखोद्गत आहे. एखादे बिरुद गळाले तर ती मान फिरवून बसते.

हीच आमची राजमुद्रा. तिला शिकवून ठेवले आहे की, घराबाहेर जो पूर्ण बिरुदावली म्हणेल तोच आपला माणूस. त्याच्याकडे धावत जावे. इतर कोणी खारू म्हणो, शाळेतले नाव घेवो, गोळी दाखवो, तोंडातून ब्र काढू नये. तोतयांचा इतका चोख बंदोबस्त राजवाड्यांतही नसेल.

गेल्या शनिवारी बूटखरेदीची मोहीम काढली. तीन मजली दुकान, सवलतीचे दिवस, त्यामुळे माणसांचा महापूर. मोहीम फत्ते झाली. परतण्यास किंचित विलंब झाला. बूट तांबडे आहेत. घरी येऊन पाहता दोन्ही डाव्या पायाचे निघाले, ही किरकोळ तांत्रिक बाब समजावी. तुझ्या वहिनीने तेव्हापासून मौन धरले आहे. तिच्या घशाला विश्रांती हवीच होती. खारूदेवी हल्ली माझ्या सदऱ्याचे टोक मुठीत धरून निद्रिस्त होतात. स्नेहाचा अतिरेक, दुसरे काय!

कळावे. लोभ आहेच, तो उशीखाली जपून ठेवावा.

तुझा,
दादा

*

९ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इथली नर्स इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. मी नाही हसले. तुझी विशेषणं वाढली की माझ्या पोटात गोळा येतो, आणि सध्या माझ्या पोटात आणखी काही मावायला जागा नाही.

दादा, रस्त्यापलीकडून चाललेल्या माणसाच्या नाकावर चष्मा सुताभर तिरका असला तरी तुला दिसतो. आणि हातातल्या खोक्यात दोन डावे बूट तुला दिसले नाहीत? वहिनी शाळेत खेळ शिकवते. तिच्या एका आरोळीने अख्खं मैदान जागच्या जागी थांबतं. ती गप्प बसली आणि तू त्याला विश्रांती म्हणतोस? खारू माझ्याजवळ असताना हातपाय पसरून, मला पलंगाच्या कडेला ढकलून झोपायची. ती आता तुझा शर्ट धरून झोपते, आणि हा तुला स्नेह वाटतो?

मला फोनपर्यंत चालत जायची परवानगी नाही, नाहीतर आत्ता जिन्याखाली जाऊन तुझी उलटतपासणी घेतली असती. वहिनी, हे पत्र तुझ्या हाती पडलं तर तूच लिही. काही झालं असेल तर सांग. इथे छताकडे बघत मी जे जे कल्पून घेते, त्याहून ते वाईट नसणार.

माया पातळ होऊ देऊ नका.

धाकटी

*

१४ नोव्हेंबर

प्रिय नणंदबाईस,
अ. आ.

तुझं पत्र मीच आधी उघडलं, हे तेव्हा चष्म्याच्या दुकानात होते. शेवट आधी सांगते, म्हणजे तू धास्तावणार नाहीस. खारू सुखरूप आहे. आत्ता माझ्या शेजारी बसून माझी शिट्टी चघळते आहे.

त्या शनिवारी आम्ही तिघं दुसऱ्या मजल्यावर होतो. मी पलीकडच्या टोकाला पडद्याचं कापड बघायला गेले. खारूचा हात ह्यांच्या हातात देऊन गेले, हे मुद्दाम लिहिते. बूट दाखवणाऱ्या माणसाचा चष्मा एका कानावर चढलेला होता. ह्यांना ते बघवेना. जरा वेळ तळमळले म्हणे, आणि शेवटी त्याच्या नाकावरून उचललाच. आता चष्म्याची दांडी वाकवायला दोन हात लागतात. म्हणून खारूचा हात सोडला आणि तिला सांगितलं की इथेच उभी राहा. तो बिचारा बिनचष्म्याचा, चाचपडत बूट खोक्यात भरत होता. दोन डावे कसे झाले ते आता कळलं असेल. चष्मा सरळ झाला. ह्यांनी खाली बघितलं तर खारू नाही.

मी हाका मारल्या. तुला माझा आवाज माहीत आहे. खारू म्हटलं, शाळेतलं नाव घेतलं, बाळा, सोन्या, तोंडाला येईल ते म्हटलं. काही नाही. दारावरच्या पहारेकऱ्याने बाहेर जाणारी माणसं अडवली. त्याने मला धीर यायला हवा होता, पण मनात आलं, म्हणजे ह्यालाही वाटतंय की कुणी नेलं असेल. काउंटरवरच्या मुलीने स्पीकरवरून पुन्हापुन्हा सांगितलं, निळा फ्रॉक, आखूड केस, अमुक नाव. कपडे घालून बघायच्या खोल्यांचे पडदे मी सरासर ओढले. आतल्या बायका किंचाळल्या. त्यांची माफी मागायलाही मी थांबले नाही.

हे बुटांच्या ढिगापाशी तसेच उभे, हातात त्या माणसाचा चष्मा. मग एकदम काउंटरकडे धावत सुटले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना धावताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्या मुलीच्या हातून माइक घेतला आणि बिरुदावली म्हणायला लागले. लोक हसायला लागले. त्यांना वाटलं सवलतीची जाहिरात चालली आहे. सगळं म्हणून झालं. उत्तर नाही. ह्यांचा चेहरा पांढराफटक. मग ह्यांच्या ध्यानात आलं की भीतीपोटी एक बिरुद गाळलं. दुग्ध-द्वेषिणी. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच माझ्या अगदी बाजूने, लांब कोटांच्या रांगेखालून, खणखणीत ओ आली.

नणंदबाई, त्याच कोटांना धरून मी रडत उभी होते. तिला माझ्या चपला दिसत होत्या. कोटांखाली घर करून बसली होती ती. बाहेर काढून विचारलं की मामीची हाक ऐकू आली नाही का गं, तर म्हणाली की आली, पण मामीने पूर्ण म्हटलं नाही. वर मलाच समजावलं की रडू नको, मी इथेच तर होते.

पोरं हरवतात. सहलीत माझ्याही हातून दोनदा हरवली आहेत आणि हाकेसरशी सापडली आहेत. पण ही माझ्या पायाशी बसून, माझं रडणं ऐकून गप्प राहिली, कारण आम्ही तसं शिकवलं होतं आणि ती शहाण्यासारखी वागली. हे माझ्या डोक्यातून जात नाही. ह्यांच्याशी मी अबोला धरलेला नाही. काय बोलावं ते सुचत नाही, एवढंच. तुला कळवायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं, तुझ्या रक्तदाबाच्या भीतीने. त्यात माझाही वाटा आहे. सगळं ह्यांच्या माथी मारू नकोस.

आमच्या घरात इतक्या खालच्या उंचीवर आजवर कुणी राहिलं नव्हतं. टेबलांच्या कोपऱ्यांना मी फडकी बांधली आहेत. बाहेरच्या जगाला कुठली फडकी बांधायची ते कळत नाही.

जिवाला जप, आणि आमच्यावर रुसलीस तरी थोडकंच रूस.

तुझी,
वहिनी

*

१८ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. बाकीची अक्षरं तूच भरून घे.

रक्तदाब वाढला. नर्सने दोन वेळा मोजला. डॉक्टरीणबाई विचारायला आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं की घडलं त्याने नाही वाढला, लपवलं त्याने वाढला. त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं.

खारूच्या आत्याचा निरोप आला आहे. तिच्याकडे दोन मुलं आहेत, अंगण आहे, फाटकाला कडी आहे. बाळाचा जन्म होईपर्यंत खारूला तिकडे ठेवू म्हणते. माझ्या यजमानांचंही तेच म्हणणं. ते म्हणाले की तुझा भाऊ माणूस सोन्यासारखा आहे, पण पोर सोन्यासारख्या माणसाकडे ठेवायची नसते, लक्ष असलेल्या माणसाकडे ठेवायची असते. मला त्यांच्याशी भांडायला शब्द सापडला नाही, आणि मला शब्द सापडत नाही असं कधी होत नाही, हे तुला माहीत आहे. आत्या सात डिसेंबरला तुमच्याकडे येईल. खारूला न्यायचं की नाही ते त्याआधी ठरायला हवं. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाही असंही म्हटलेलं नाही.

तू मला एक सरळ पत्र लिही. त्यात एकही समास नको. त्या शनिवारनंतर आणखी काही घडलं असेल, तर तेही ह्याच पत्रात येऊ दे.

धाकटी

*

२२ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. आ.

सरळ लिहायला बसलो आणि बराच वेळ कागद कोरा राहिला. तेव्हा आधी वाईट तेच सांगतो.

परवा संध्याकाळी खारूला घेऊन फळं आणायला गेलो होतो. तिचा हात माझ्या हातात होता. मी आता बाजारात कुणाच्या नाकाकडे बघत नाही. रस्त्यापलीकडे दोन तरुण पोरं उभी होती. त्या दिवशी ती दुकानात असावीत, कारण मला बघून त्यांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. मग त्यातल्या एकाने मोठ्याने सगळी बिरुदावली म्हटली. अगदी पहिल्यापासून. माइकवर माझी जी चूक झाली होती, ती त्याची झाली नाही.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याच्या वयाचा असतो तर मीही हेच केलं असतं. पण खारूने हात सोडवला आणि ओ म्हणत सरळ रस्त्यात धावली. तिच्या लेखी ते आपलं माणूस होतं. फ्रॉकचा मागचा बंद माझ्या हाती लागला. तो उसवला, पण तुटला नाही. तिच्या पुढून एक टेम्पो गेला. चालकाने ब्रेकसुद्धा लावला नाही, कारण त्याला ती दिसलीच नव्हती.

तिला लागलं नाही. ती पोरं धावत आली, पायांना हात लावायला लागली, एक जण रडवेला झाला होता. खारूने माझ्याकडे बघून विचारलं की मामा, त्याने सगळं बरोबर म्हटलं होतं ना? मी हो म्हटलं. बरोबरच म्हटलं होतं.

म्हणजे कुलूप मी केलं, ते एवढं पक्कं की घरच्या माणसालाही उघडेना. आणि मग किल्ली मीच स्पीकरवरून सगळ्या गावाला वाटली. आता दुसरे शब्द शोधावेत म्हटलं. दोन-तीन जुळवूनही पाहिले. पण पुन्हा अशी वेळ आली तर तेही मी असेच ओरडून सांगणार, हे मला माहीत आहे. दुकानात काचा घासताना दिवसभर हाच विचार चालतो. काल एक काच उलटी बसवली. गिऱ्हाईक भला माणूस. म्हणाला की आज जग जरा वर चढलेलं दिसतंय.

तुझे यजमान बोलले ते मला लागलं, आणि ते खरं आहे. तिने आत्याकडे जावं असं ठरलं तर तिची पिशवी मी भरून देईन. टेबलांच्या कोपऱ्यांची फडकी मात्र राहू देणार. काढत बसायला वेळ कुणाला आहे?

तुझ्या वहिनीने हे पत्र वाचलं. म्हणाली की तुम्ही असं लिहिलंत की मला भीती वाटते, त्यापेक्षा ते समास परवडले.

रागव, पण लिहायचं सोडू नकोस.

दादा

*

२७ नोव्हेंबर

ती. दादास व सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

दादा, तुझं पत्र वाचून आधी रडले, मग संतापले, मग कडकडून भूक लागली. नर्स म्हणते हे सुधारणेचं लक्षण आहे.

आता मी काय सांगते ते ऐक. मालधक्क्यावर नवा क्रेनवाला आला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच गोष्ट सांगते. खालून दहा माणसं दहा तऱ्हांनी ओरडतील. ओ सगळ्यांना द्यायची, म्हणजे तू जागा आहेस आणि कुठे आहेस ते कळतं. पण ओझं हलवायचं ते फक्त समोर उभ्या असलेल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या हाताकडे बघून. तो दिसेनासा झाला की ओझं जिथे आहे तिथेच. स्पीकरवरून साहेब बोलला तरी हलायचं नाही. तिथली साहेब मी आहे, आणि माझ्या नुसत्या आवाजाने एकही क्रेन हलत नाही, याचा मला फार अभिमान आहे.

तू ओ देणं आणि धावत जाणं एकाच गाठीत बांधलंस. म्हणून एकदा ती गप्प बसली आणि एकदा रस्त्यात गेली. ही गाठ सोडव. कुणीही, कसल्याही नावाने हाक मारली तरी ओ द्यायची, चांगली मोठ्याने. पण जागा सोडायची नाही. खांब असेल, भिंत असेल, तिला पाठ लावायची. आपलं माणूस तिच्यापर्यंत चालत येईल, खाली वाकेल, तिला चेहरा दिसेल, मगच हात द्यायचा. चेहरा ओळखीचा नसला तर असा गळा काढायचा की दुकान रिकामं व्हावं. तो भाग वहिनीने शिकवावा. तिच्याइतकं ते कुणाला जमणार नाही. आधी घरात करा, मग जिन्यात, मग बाजारात. पाच वर्षांच्या पोराला एकदा सांगून काही होत नसतं. पन्नाशीच्या पोरालाही होत नाही, म्हणून दादा, तूही रोज म्हण.

बिरुदं टाकू नकोस. लाडाला ठेव. कामाला नको.

आत्याला मी कळवलं आहे की सात तारखेला ये. न्यायचं की नाही ते मी ठरवणार नाही. सहा तारखेला शनिवार आहे. खारूला घेऊन भर गर्दीत जा. आपल्याला हे झेपत नाही असं वाटलं, तर तिला आत्याबरोबर पाठवून दे. मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. झेपतं असं वाटलं तर ठेवून घे. पण जे वाटेल ते खरं वाटू दे, दादा. छान दिसावं म्हणून वाटू देऊ नकोस.

इकडे मी आणि हे पोटातलं, दोघंही वाट बघतो आहोत. माया असू द्या.

धाकटी

*

८ डिसेंबर

श्रीमत्-शय्या-साम्राज्य-अधीश्वरी, सहनशीला, ग्रंथि-विमोचिनी धाकटी हिला ज्येष्ठ बंधू, चष्मेकार, पन्नाशीचे पोर, याचे अ. उ. आ. विशेष. (बिरुदे आवरती घेतली आहेत. उरलेली प्रसूतीनंतर.)

शनिवारचा वृत्तांत क्रमाने निवेदन करतो. तत्पूर्वी आठवडाभर घरात जो सराव चालला, त्याने शेजाऱ्यांनी आमच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन कायमचा बदलला आहे. तुझी वहिनी स्वयंपाकघरातून हाक मारी, मी जिन्यातून मारी, आणि खारूदेवी दिवाणखान्याच्या भिंतीला पाठ लावून दोघांनाही ओ देत. पहिल्या दिवशी वहिनीच्या पहिल्याच हाकेला ओ आली, तेव्हा वहिनी काही वेळ परत बाहेर आली नाही. नळ सोडल्याचा आवाज मात्र येत होता. गळा काढण्याच्या सरावाबद्दल खालच्या मजल्यावरील शिंप्याने लेखी खुलासा मागितला आहे.

शनिवारी खारूदेवी आणि मी, आम्ही दोघेच त्याच तीन मजली दुकानात गेलो. बूट बदलून घेण्याचे निमित्त होते. गर्दी पूर्ववत् अथांग. जिन्याच्या तोंडाशी एक कुटुंब गुंडाळलेला गालिचा खांद्यावर घेऊन वरून उतरले, आणि तो गालिचा, दादाचा दैवदुर्विलास पाहा, नेमका आमच्या दोघांच्या मधून गेला. मी हात सोडला नव्हता. सुटला. या दोहोंतील भेद मला त्या क्षणी फार महत्त्वाचा वाटला. नंतर काडीचाही वाटला नाही. गालिचा गेला. मला ती दिसेना.

मी हाक मारली. बिरुद एकही आठवले नाही आणि आठवावेसेही वाटले नाही. नुसते खारू म्हणालो. डावीकडून कुठूनतरी ओ आली. धाकटे, तो ध्वनी मी आमरण विसरणार नाही. पण माणूस किती मूर्ख असतो पाहा. जिवाच्या आकांताने मी ओरडलो की इकडे ये. त्यावर साऱ्या जिन्याला ऐकू जाईल अशा स्वरात उत्तर आले की नाही, तू ये.

लोक हसले. मी माणसांच्या कोपरांखालून, पिशव्यांवरून, एका सद्गृहस्थाच्या पायावरून मार्ग काढीत निघालो. मी हाका मारीत होतो, ती ओ देत होती, आणि त्या आवाजाच्या दोरीला धरून मी सरकत होतो. मध्येच कळले की एक वृद्ध गृहस्थ तिला समजावीत आहेत की बाळ, ते तुझे बाबा बोलावताहेत, जा ना. तिने त्यांना बजावले की ते बाबा नाहीत, मामा आहेत, आणि त्यांना पाय आहेत.

ती खांबाला पाठ लावून उभी होती. ओठ थरथरत होते, पण पाऊल हललेले नव्हते. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. गुडघ्यांनी जाहीर निषेध नोंदवला. तिने लगेच हात दिला नाही. माझा चेहरा निरखून पाहिला. गर्दीत माझा चष्मा एका कानावर चढला होता. तिने दोन्ही हातांनी तो धरला, जीभ बाहेर काढून हळूहळू सरळ केला, मागे होऊन पुन्हा एकदा नीट बघितले, आणि मग माझा हात धरला.

त्यानंतर मी बराच वेळ तिथेच बसून होतो. ती म्हणाली की मामा, ऊठ, लोकांना जायला जागा नाही.

काल आत्याबाई आल्या. चहा घेतला, फडकी बांधलेल्या टेबलाकडे पाहिले, आणि मला स्पष्टच विचारले की झेपेल का. मी त्यांना सांगितले की तसे वाटते, परंतु भीतीही वाटते. त्या म्हणाल्या की भीती वाटते म्हणताहात, मग ठेवा. जाताना फक्त आपली पिशवी घेऊन गेल्या. तेव्हा बाळ येईपर्यंत देवींचा मुक्काम आमच्याच गडावर आहे. छान दिसावे म्हणून हे लिहीत नाही. मला रोज भीती वाटेल, आणि ती मी कुठल्याही समासात दडवणार नाही.

तुझ्या नियमाने मात्र घरात एक अनर्थ उद्भवला आहे. जेवायला बोलावले की खारूदेवी आतल्या खोलीतून खणखणीत ओ देतात आणि हलत नाहीत. आंघोळीला बोलावले तरी तेच. प्रत्येक वेळी समक्ष जाऊन, वाकून, चेहरा दाखवून त्यांना आणावे लागते. घराला ही सूट आहे असे समजावले, तर म्हणतात की आईने असे लिहिले आहे का? तरी तसे लिहून पाठवावे. माझ्या गुडघ्यांचा विचार करावा.

कळावे. लोभ वाढता ठेवावा; पायांची सूज तेवढी उतरती असावी.

तुझा,
दादा

ता. क. बूट अद्याप बदलून मिळालेले नाहीत. त्या विक्रेत्याच्या नाकावर चष्मा आता काटकोनात बसला आहे, त्याला सर्व स्वच्छ दिसते, आणि तरीही तो म्हणतो की उजवा बूट दुकानात नाही. त्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या खोक्यात गेला असणार. म्हणजे या गावात कुठेतरी एक मूल दोन उजवे बूट घालून फिरत आहे, आणि त्याच्या मामाचे लक्ष नाही. दुकानदार म्हणतो की तो गृहस्थ येईपर्यंत थांबा. मी दर शनिवारी खोके घेऊन जातो. तो गृहस्थ काही येत नाही.